बाबांचं गाजलेलं भाषण

यंदा नवरात्र बसलं आणि सोयाबीनची पानं पिवळी होऊन गळायला लागली. कारंज्याहून गावाकडं जाताना बसच्या दोन्ही बाजूंना शेंगांचा तो भाजल्यासारखा तपकिरी रंग पसरलेला दिसतो, आणि मधल्या ओळींतली तूर तेवढी हिरवीगार उभी असते. कुठंतरी लांब हडंबा सुरू असतो. हडंबा म्हणजे आमच्याकडचं मळणीचं यंत्र. त्याच्या तोंडातून कुटाराचा, म्हणजे भुशाचा, फवारा उडतो, उन्हात सोनेरी दिसतो आणि अंगावर आला की दिवसभर खाज सुटते. लहानपणापासून मला तो वास आवडायचा. वाळलेल्या काडाचा, डिझेलचा, घामेजल्या दुपट्ट्यांचा. दसरा जवळ आल्याचं मला झेंडूच्या आधी त्या वासानं कळायचं.

आता तो वास आला की मी खिडकी लावून घेते.

यंदा त्या वासासोबत तो निकालही परत आला. यंत्रावर मजूर लावणाऱ्यानं त्यांचा आरोग्य विमा काढलाच पाहिजे, ती मर्जीची गोष्ट नाही, असं काही वर्षांपूर्वी एका कोर्टानं म्हटलं होतं. मग स्थगिती आली, प्रकरण वर गेलं, लोक विसरले. आता वरच्या कोर्टानंही तेच म्हटलं. टीव्हीवर चार चौकटींत चार माणसं एकमेकांवर ओरडायला लागली. एक म्हणतो गरिबाला आधार, दुसरा म्हणतो शेतकऱ्याच्या मानेवर नवं जोखड. मी बँकेत नोकरी करते, आधी कारंज्याला होते, आता बदली होऊन लांबच्या शहरात. आमच्याही जेवणाच्या सुट्टीत तेच. आणि मग एका सहकाऱ्यानं ग्रुपवर एक जुना व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं होतं, ‘वऱ्हाडी काकांनी तेव्हाच सांगितलं होतं!’ आणि पुढं हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग.

शेजारच्या टेबलावरची प्रणाली मोबाइल घेऊन माझ्याकडं आली. “मॅडम, बघा ना. तुमच्याच तिकडचे दिसतात. आणि तो मागचा माणूस बघा, कसा पोट धरून हसतोय!”

“तिकडचेच आहेत,” मी म्हटलं.

ते काका माझे बाबा. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. आणि मागचा माणूस हसत होता हे खरं, पण त्यानं पोट धरलं होतं ते हसण्यासाठी नाही.

*

बाबांचं बोलणं ही आमच्या घरची श्रीमंती होती. वावर होतं, घरचा हडंबा होता, पण लोक वसंतभाऊंना ओळखायचे ते जिभेसाठी. लग्नात भटजींपेक्षा त्यांच्याभोवती गर्दी जास्त. कुणाच्या मयतीला गेले तरी तिसऱ्या दिवशी त्या घराला हसवून यायचे. आई म्हणायची, “यायच्या तोंडाले कुलूप नाही.” पण म्हणताना तिच्याही ओठांच्या कोपऱ्यात हसू असायचं. मी शाळेत असताना मैत्रिणी घरी यायच्या त्या माझ्यासाठी कमी, बाबा काय बोलतात ते ऐकायला जास्त.

हडंब्यावर त्यांच्याकडं वर्षानुवर्षं दलपतकाका होते. पलीकडच्या तांड्यावर राहायचे. शिडशिडीत, काळेभोर, कपाळाला गमछा बांधलेला. हडंब्याच्या तोंडाशी उभं राहून काडाच्या पेंढ्या आत सारायचं काम त्यांचं. तिथं नजर हलली की हात जातो. सोंगणी, म्हणजे कापणी, संपली की ते बायकोमुलांना घेऊन ऊस तोडायला पश्चिमेकडं जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. अलीकडं मात्र त्यांचं जाणं बंद झालं होतं, बायकोमुलंच जायची. त्यांच्या पोटाच्या खालच्या बाजूला गोळा यायचा. हर्निया होता. ते धोतराच्या आत जुन्या लुगड्याचा घट्ट पट्टा बांधायचे आणि काम करत राहायचे. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. माहीत असणं आणि त्याचं काही करणं यांच्यात किती अंतर असतं, हे तेव्हा कुणाला जाणवलं नाही, कारण काम थांबलं नव्हतं.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि मग एकदम उघडला. सगळ्यांची सोयाबीन एकाच वेळी सोंगणीला आली. आभाळात ढग दिसला की गंज्यांवर ताडपत्र्या ओढायला माणसं धावायची. अशा गडबडीत निकालाची बातमी आली. मी सुट्टीला गावी आले होते. ओट्यावर बाबा चहा पीत होते आणि दलपतकाका पायरीवर बसले होते. बराच वेळ कपातला चहा फिरवून ते म्हणाले, “भाऊ, ते कोर्टाचं काय म्हनून राह्यले सारे? इम्याचं?”

“म्हनतेत, तुह्या दवाखान्याचा इमा म्या काढावा.”

“असं व्हय.” काकांनी चहा संपवला. “मंग अप्रेशन त्याच्यात बसते काय, भाऊ?”

“बसते की उभं राह्यते, पाहू ना,” बाबा म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो. काकाही हसले, कप विसळून पालथा ठेवला आणि हडंब्याकडं गेले.

*

गांधी जयंतीची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. एरवी ग्रामसभेला खुर्च्या रिकाम्या असतात. त्या दिवशी कुंपणाबाहेरही माणसं होती. यंत्रमालक पुढं, तांड्यावरची आणि गावातली मजूर मंडळी मागं पिंपळाखाली. वाद खरा होता. एक तरुण शेतकरी म्हणाला, पिकाला भाव नाही आणि हा भार आमच्यावरच काहून? मागून एक बाई उठून म्हणाली, “इमा पायजे म्हनलं तं तुमी दोन बाया कमी लावसान. मंग आमी इमा घेऊन घरी बसू काय?” मजुरांनाच विमा नको आहे, असं कुणीतरी लगेच ओरडलं. ती तसं म्हणाली नव्हती. पण ते समजावून सांगायच्या आत लोकांनी बाबांना पुढं ढकललं. “वसंतभाऊ, बोला!”

बाबा पायरीवर एक पाय ठेवून उभे राहिले. टोपी सारखी केली. मी बायकांमध्ये बसले होते आणि मला ठाऊक होतं, आता मजा येणार.

“कोर्ट म्हनते, मजुराचा इमा काढा. काढतो ना बाप्पा! पिकाचा काढला होता, त्याची वाट पाहून राह्यलो अजून. आता माणसाचा काढतो. उद्या कोर्ट म्हनीन, बैलाचा काढा. परवा म्हनीन, बैलाच्या शेपटीचा येगळा काढा, कारन का ते हालते जास्त!”

हशा पिकला. बाबांना हशा मिळाला की त्यांच्या अंगात यायचं. त्यांनी मागं पिंपळाकडं हात केला.

“अन् माह्या दलपतचा कायले काढू? हा माणूस हाय काय? हा हडंबाच हाय! सकाळी तेल टाका, संध्याकाळलोक चालते! याले दवाखान्यात नेलं तं डॉक्टर म्हनीन, याले मिस्तरीकडे न्या!”

सगळं पटांगण खदखदून हसलं. माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून हसत होती. दलपतकाका मागं उभे राहून हसत होते. हसताना पोटावर जोर येतो आणि गोळा बाहेर सरकतो, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी पट्टा दाबून धरला होता. कुण्या पोरानं काढलेल्या व्हिडिओत तेवढंच दिसतं: पोट धरून हसणारा एक मजूर.

आठवडाभर बाबा जिल्ह्याचे होते. मंगरुळपीरहून, मानोऱ्याहून, आसेगावच्या मामांकडून फोन आले. एका बातम्यांच्या चॅनलनं तो तुकडा दाखवला आणि खाली पट्टी फिरली: सक्तीच्या विम्यावर बळीराजाचा टोला. बाबा तो तुकडा पाहायचे आणि म्हणायचे, “टोपी वाकडी झाली माही.” त्यांना आनंद लपवता येत नव्हता.

*

दसरा झाला आणि हडंबा आमच्याच वावरात आला. वरच्या अंगाची शेवटची गंजी राहिली होती. बाबा बांधावर उभे राहून हातवारे करत होते आणि करता करता खाली बसले. आई सांगते, त्यांना घाम फुटला होता आणि ते म्हणत होते, उन्हाचं हाय, उन्हाचं हाय. गाडी रस्त्यापर्यंतच येऊ शकत होती. मधल्या पट्टीत मागच्या पावसाचा चिखल अजून वाळला नव्हता. दलपतकाकांनी हडंबा बंद केला, बाबांना खांद्यावर घेतलं आणि त्या चिखलातून, सोंगलेल्या पिकाच्या खुंटांतून चालत रस्त्यावर आणलं. खाली ठेवलं तेव्हा ते स्वतः वाकडे झाले होते. त्यांच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

हृदयाचा झटका होता. कारंज्याहून अमरावतीला हलवलं. मी बँकेतून तशीच धावले. एका खासगी दवाखान्यात बाबा आत होते आणि बाहेर आई पदराचं टोक चावत बसली होती. तिच्या केसांत अजून कुटार होतं.

आमच्या बँकेत विमा सक्तीचा होता. आईवडलांसकट. त्याचे पैसे पगारातूनच जायचे आणि ते जातात म्हणून मी दर वर्षी कुरकुर करायचे. बाबा तर म्हणायचे, “बँकेवाले तुले आतापासून आजारी पाडून राह्यले.” त्या दिवशी मी फक्त कार्ड दाखवलं. बाबांच्या नसेत जाळी बसली. वाचले.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्यांना साध्या खोलीत आणलं. विम्याच्या टेबलावरची मुलगी सही घ्यायला वर आली. हसऱ्या चेहऱ्याची, विशीतली. तिनं बाबांकडं पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

“अय्या! तुमीच ना ते? बैलाच्या शेपटीवाले?”

तिच्या बोलण्यात कुठंही टोमणा नव्हता. तिला खरंच आनंद झाला होता. तिनं तिथंच मोबाइल काढला, व्हिडिओ लावला आणि बाबांच्या तोंडासमोर धरला. खोलीत पुन्हा ते पटांगण हसायला लागलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मान उंचावून म्हणाला, “काय हाय? मलेही दाखवा.” मुलगी म्हणाली, “आमच्या घरी सगळ्यांनी पाह्यला. माहे पप्पा तर लय हासले.” आणि मग, कागद पुढं करत, तितक्याच गोडपणे, “इथं सही करा काका. तुमचं सगळं विम्यात बसलं. काही टेन्शन नाही.”

बाबांनी सही केली. आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

मी त्यांची पाठ बघत होते. दवाखान्याच्या हिरव्या झग्याची नाडी सुटली होती आणि त्यातून त्यांचा हाडकुळा कणा दिसत होता. मी नाडी बांधायला हात पुढं केला तर त्यांनी अंग चोरलं. मला वाटतं, माणसाला आजाराची लाज वाटत नाही. वाचल्याची वाटू शकते, हे मी त्या पाठीवर पाहिलं. आणि बापाला लाजताना पाहणं हे असं काही असतं, की आपण कुठं पाहावं तेच कळत नाही.

*

बाबा घरी आले तेव्हा सीताफळं पिकली होती. दलपतकाका टोपलीभर घेऊन आले. चालताना ते एका बाजूला झुकत होते. खाटेजवळ जमिनीवर बसले.

“पोहरादेवीले बोललो होतो तुमच्यासाठी,” ते म्हणाले. “नारळ चढवून येतो आता.”

“तुहं पोट कसं हाय?” बाबांनी विचारलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“हाय तसंच. थोडं वाढलं.” मग सहज, एक सीताफळ फोडत, “बरं झालं भाऊ, ताईच्या बँकेचा इमा होता तुमचा. नाहीतं आमच्यासारखं झालं असतं.”

त्यात काही वाकडं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “हो ना बाई, देवानंच ठेवला होता.” बाबांनी सीताफळ हातात घेतलं आणि तसंच धरून बसले. त्याचा गर बोटांमधून चादरीवर गळायला लागला तेव्हा आईनं ते काढून घेतलं.

त्या हिवाळ्यात आमचं घर गप्प झालं. बाबा पारावर जाईनात. कुणी भेटायला आलं आणि म्हणालं, भाऊ, होऊन जाऊ द्या एखादं, तर ते म्हणायचे, डॉक्टरनं बोलू नको सांगतलं. डॉक्टरनं तसं काही सांगितलं नव्हतं. एका रविवारी ते कारंज्याला माझ्याकडं आले आणि म्हणाले, मले इमा काढायचा, हडंब्यावरच्या साऱ्यायचा. स्थगिती आली होती, सक्ती उरली नव्हती, हे त्यांना माहीत होतं. मी त्यांना ओळखीच्या एजंटाकडं घेऊन गेले. त्यानं सगळं समजावलं आणि शेवटी सांगितलं, आधीपासूनचं दुखणं लगेच बसणार नाही. हर्निया असलेल्याला थांबावं लागेल, काही वर्षं.

“म्हंजे ज्याले पायजे, त्यालेच नाही?”

“काका, आजारी पडल्यावर विमा मागायला सगळेच येतात. बरे असतानाच सगळ्यांचा काढलेला असला तर प्रश्न येत नाही. म्हणून तर ते सक्ती म्हणत होते.”

बाबांनी मान खाली घातली. तरीही त्यांनी सगळ्यांचा काढला. दलपतकाकांचाही.

प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा आली. मी मुद्दाम गेले. हरभऱ्याला घाटे धरले होते आणि पटांगणात झेंडावंदनाची रांगोळी अजून ताजी होती. बाबांनी हात वर केला तेव्हा लोकांमध्ये आधीच आनंदाची लाट गेली. वसंतभाऊ बरे झाले! ते त्याच पायरीशी उभे राहिले. आवाज बारीक झाला होता.

“मी त्या दिवशी जे बोललो, ते चुकलं माहं,” ते म्हणाले. “दलपत माणूस हाय. त्याले दुखते. मले माहीत होतं त्याले दुखते.”

पुढच्या रांगेतून कुणीतरी खदखदलं. लोकांना वाटलं, ही सुरुवात आहे. पुढं शेपटी येणार, मिस्तरी येणार. “भाऊ, पुढं!” एक जण ओरडला. बाबा म्हणाले, “मी मजाक करून नाही राह्यलो.” त्यावर तर हशा आणखी वाढला, कारण असं म्हणूनच ते नेहमी मोठा विनोद करायचे. बाबांनी दोनदा हात वर केला. त्यांचे ओठ हलले. सरपंच हसत हसत पुढं आले, त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “बसा भाऊ, तब्येतीले जपा.” टाळ्या पडल्या.

मागं पिंपळाखाली दलपतकाकाही हसत होते.

परतताना आम्ही तिघं एकाच वाटेनं निघालो. तांड्याचा फाटा आला तशी काकांची पावलं मंद झाली. “भाऊ, तुमी खरंच बोलून राह्यले होते ना?”

“हाव.”

“मले समजलं होतं.”

“मंग हासला काहून?”

“सारेच हासून राह्यले होते,” काका म्हणाले. “एकटा कसा उभा राहू?”

*

विम्याची वाट न पाहता काकांचं ऑपरेशन उन्हाळ्यात अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात झालं. ते नीट झालं. काका आज बरे आहेत, हडंब्यावर जात नाहीत, शेळ्या राखतात. बाबा तिथं त्यांच्यासोबत राहिले, वऱ्हांड्यात चटई टाकून. काकांची बायकोमुलं ऊसतोडीवरून परतली नव्हती. पुढं बाबा गेले तेव्हा काकांनी खांदा दिला. यंदाच्या वादात कुणाची बाजू बरोबर, मजुरांची कामं कमी होतील की नाही, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. त्या उभ्या राहिलेल्या बाईचं म्हणणं मी विसरलेली नाही. टीव्हीवरची माणसं मात्र हसायला लागली की मी आवाज बंद करते.

त्या ऑपरेशनच्या दिवशी अकोल्याला मी डबा घेऊन गेले होते. काकांना आत न्यायची वेळ झाली होती. ते चाकांच्या खाटेवर आडवे, अंगावर दवाखान्याचा झगा, कपाळ गमछ्याशिवाय उघडं आणि म्हणून अनोळखी. ऊन पत्र्यावर तापत होतं. नर्सबाई घाईत होत्या. त्यांनी बाबांकडं पाहिलं.

“पेशंटचे कोण तुम्ही?”

बाबांनी टोपी सारखी केली. नर्सबाईंनी पुन्हा विचारलं. खाटेवरून दलपतकाकांनी मान उचलली आणि अभिमानानं म्हणाले, “भाऊ हायेत बाई आमच्या गावचे. लय मोठे बोलनारे हायेत. टीव्हीत आले होते.”

“हो का?” नर्सबाई हसल्या. “मग बोला ना काका. नातं काय?”

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. ओठ उघडले, मिटले. नर्सबाई थांबल्या होत्या, काका खालून बाबांकडं कौतुकानं पाहत होते, आणि माझ्या बाबांना एक शब्द सापडत नव्हता.